भेटीचं कारण

२ मार्च

घरातल्या पोरीच्या, बॉबिनच्या, शिलाई मशीनला खरोखर काय काय लागलं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी "भंगारातून जमवलं, फुकटात झालं" असं म्हणायला नको. अंग एका शाळेनं टाकून दिलेल्या मशीनचं. हातचाक दुसऱ्याचं, कापड पुढं ढकलणारे दात तिसऱ्याचे. दोन बाटल्या रॉकेल. नऊ संध्याकाळी. उजव्या अंगठ्याचं अर्धं नख. एवढं करून खालचा दोरा फिरवणारं शटल काही नीट बसेना. चार प्रकारची लावून पाहिली, प्रत्येक वेळी आत काहीतरी कण्हल्यासारखं व्हायचं. शेवटी बायकोच्या मशीनचं काढून लावलं. ती गेल्यापासून अडीच वर्षं त्या मशीनवर चादर आहे. आता चादरीखाली जे उरलंय ते चालायचं नाही. तसंही चालवणार कोण होतं.

पण आता हे मशीन असं झालंय की शेजारच्या खोलीतून ऐकलं तर वाटावं, दोन बायका हळू आवाजात बोलताहेत. मला मशीन उघडावं लागत नाही, ऐकून कळतं. बत्तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय. दुकानाच्या वहीत "परत आलेली कामं" असा एक रकाना आहे, तो बत्तीस वर्षं कोरा आहे. माझ्या हातून गेलेलं मशीन परत येत नाही. ही फुशारकी नाही, माहिती म्हणून लिहितो.

नऊ तारखेला बॉबिनला अठरा पूर्ण होतात. सरकारच्या बालकल्याण विभागानं ती आमच्याकडे सांभाळायला दिली तेव्हा अकराची होती. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी घरभर भिरभिरायची आणि कोणी हात लावला की जागच्या जागी थांबायची, म्हणून मी हे नाव पाडलं. सांभाळायची हौस बायकोची. मी आपला खाली दुकानात. अठरा झाली की करार संपतो आणि फाईल बंद. तिला एका कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय, दोन बस बदलून जावं लागेल अशी एक खोलीही मिळालीय. सगळं रांगेला लागलंय.

५ मार्च

विभागाच्या ताई आल्या. सात वर्षं दर दोन महिन्यांनी येतात, आणि आल्या की आधी त्यांची वही: तारीख, वेळ, भेटीचं कारण, सही. आजचं कारण "निरोपापूर्वीची भेट". मी म्हणालो, "ताई, एकदा नुसत्या चहाला या की." त्या म्हणाल्या, "ते ह्या वहीत बसत नाही हो."

चहा घेताना मग मुद्द्यावर आल्या. "अजून सहा महिने ठेवून घेऊ शकता तुम्ही तिला. अर्ज मी करते. बाहेर पडल्यावरचे पहिले सहा महिनेच वाईट. मुलं कुठं जातात कळतसुद्धा नाही."

"न कळायला काय झालं? पत्ता आहे की तिचा."

"पत्ता सगळ्यांनाच असतो. त्या पत्त्यावर विचारायला जाणारं कोणी नसतं."

मग मी त्यांना माझं सांगितलं. "मला कोणी सहा महिने दिले नव्हते. पंधराव्या वर्षी मामाच्या घरातून निघालो, हातात एक बारीक स्क्रू ड्रायव्हर. मामीनं मागून कडी घातली, तो आवाज अजून कानात आहे. त्या आवाजानं मला उभं केलं. आणि एक सांगतो, माझ्या हातून गेलेलं काम परत येत नाही. हीसुद्धा यायची नाही. बघाच तुम्ही."

आतला नळ बंद झाला. भांडी घासून झाली असावीत.

"तिला विचारलंत?" ताई म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय? पोरगी तयार आहे. बॉबिन केस डोळे झाकून उघडते, डोळे झाकून लावते." बॉबिन केस म्हणजे मशीनच्या पोटातली, खालच्या दोऱ्याची चिमुकली डबी, हे ताईंना सांगावं लागलं. त्यांना वाटलं, मी पोरीबद्दलच काही बोलतोय.

फॉर्मवर "परत राहायला येण्याची गरज" असं छापलेलं होतं. त्यापुढं त्यांनी माझ्याकडं बघत बघत "नाही" लिहिलं. मी सही केली.

९ मार्च

गेली. एक बॅग आणि मशीन. विभागाची गाडी होती, त्यामुळं मला करण्यासारखं काही नव्हतं. मशीन नीट उभं राहतंय ना, एवढं पाहिलं.

टेबलावर घराची किल्ली ठेवून गेलीय. तिला कागदाची चिठ्ठी बांधलेली: "किल्ली १, परत". कुणी शिकवलं नव्हतं, पण व्यवहार चोख.

निघताना म्हणाली, "जाते काका." बायको असती तर तिथल्या तिथं टोकलं असतं, "जाते काय, येते म्हण." माझं लक्ष मशीनकडं होतं.

१० मार्च

दिवसभर घर ऐकलं. जिन्याची चौथी पायरी कुरकुरते, म्हणून ती नेहमी गाळायची. सात वर्षं एक आवाज कमी आला की समजायचो, बॉबिन आली. आज संध्याकाळी मी चढलो तेव्हा पायरी कुरकुरली. नंतर परत खाली गेलो आणि परत चढलो. तसाच आवाज.

माझा बारीक स्क्रू ड्रायव्हर कुठं पडलाय सापडत नाही. पंधराव्या वर्षापासूनचा.

२१ मार्च

तिचा फोन आला. कारण, खोलीची वीज नावावर करायला कुठला कागद लागतो. सांगितलं.

"बाकी ठीक?"

"ठीक."

"मशीन?"

"छान चालतंय काका."

"मग झालं तर."

"हो. ठेवते."

पावणेदोन मिनिटं. पण तिच्या बोलण्यामागं तिचाच आवाज घुमत होता, म्हणजे खोली रिकामी आहे. भिंती आणि ती. कापड लावलं की आवाज बसतो. ताईंच्या हाती पडद्याचं जाड कापड पाठवून दिलं. निदान केलं की इलाज पण करावा.

मीही फोन करणार होतो मधे एकदा. पण म्हटलं, कशासाठी केला विचारलं तर काय सांगायचं?

४ एप्रिल

आजचा दिवस लिहू नये असं वाटतंय.

दुपारी दुकानाच्या दारात बॉबिन. काखेत मशीन, कपाळाला घाम. आत आली नाही, गिऱ्हाइकासारखी उंबऱ्याबाहेर उभी. "काका, टाका बिघडलाय. खालचा दोरा वर येतोय."

बॉबिन केसचा स्क्रू पुरे दोन फेरे सैल. दोन मिनिटांचं काम. पण मला एवढी शरम वाटली की सगळं मशीन उघडून तपासलं. ती समोरच्या स्टुलावर बसून मी मागायच्या आत हत्यार हातात देत होती. समोरच्या टेलरच्या दुकानातला रेडिओ रस्ता ओलांडून ऐकू येत होता.

"जेवून जा," म्हणालो.

"झालं ना मशीन?"

"झालं."

"मग निघते." मशीन उचललं आणि गेली.

वही काढली. बत्तीस वर्षांचा कोरा रकाना. पहिली नोंद केली, तारीख दोनदा चुकली. म्हणजे वय झालं, असंच ना?

५ एप्रिल

समोरचा टेलर, ज्याला सगळा रस्ता मास्तर म्हणतो, सकाळीच हजर. "काय मिस्त्री, ऐकलं ते खरं? मशीन परत?"

"लोखंड आहे. होतं कधीकधी."

"पण बॉबिन केसची डबी तर खिशात मावते. एवढ्यासाठी पोरगी अख्खं धूड घेऊन दोन बस बदलून आली?"

"तिला काय कळतंय मशीनमधलं."

"अच्छा," मास्तर म्हणाला. "कळत नाही तिला." आणि माझाच चहा पीत बराच वेळ हसत राहिला. माणूस चांगला आहे, पण दुसऱ्याची फजिती झाली की त्याची पाठदुखी थांबते.

२० एप्रिल

परत तेच. मशीन काखेत, खालचा दोरा वर. तोच स्क्रू, तेच दोन फेरे. स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा होता, म्हणजे कोणीतरी हत्यार लावतंय. कारखान्यातल्या कुठल्यातरी अर्धवटाला पोरगी मशीन वापरायला देत असणार. मी विचारलं, "कोणी हात लावतं का मशीनला?" तर म्हणाली, "नाही." मग खाली बघून, "माहीत नाही."

पोरगी बारीक झालीय. गाल आत गेलेत. मी म्हणालो, "खातेस का नीट?" ती म्हणाली, "तुम्ही पण बारीक झालात." मी मशीनवर लक्ष दिलं.

ह्या वेळी मी कायमचा बंदोबस्त केला. स्क्रू आवळला आणि त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा एक थेंब सोडला. वाळला की दगड. आमच्या धंद्यात ह्याला मोहोर मारणं म्हणतात.

"हे काय?" तिनं विचारलं.

"कुलूप."

"म्हणजे आता सैल होणार नाही?"

"मी मेलो तरी नाही."

"बरं," म्हणाली. रंग वाळेपर्यंत बसून राहिली. मी फुंकर मारून लवकर वाळवायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे काका, आपोआप वाळेल." मग मशीन दोन्ही हातांनी छातीशी धरून गेली. खूश झाली असणार. बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही.

४ मे

दोन आठवडे झाले. मशीन आलं नाही. मास्तरला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालो, "जिंकलो."

मास्तर कात्री चालवत म्हणाला, "हो. तुम्हीच जिंकलात."

११ मे

आज काही घडलं नाही. दुकानात तीन मशीनं आली, तिन्ही नुसत्या आवाजावरून ओळखली. सांगायला कोणी नव्हतं.

दुपारी स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं. मग पुन्हा होतं तिथं ठेवलं.

२३ मे

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर स्वतःला सोयीचं आठवायला नको.

काल आणि आज फोन केला. कारण शोधून ठेवलं होतं: मशीनला तेल घालायची वेळ झाली. वाजून वाजून बंद झाला. मग तिच्या कारखान्यात केला. मालकीणबाई म्हणाल्या, "सहा दिवस आलेली नाही. आम्हाला वाटलं, सोडून गेली. अशी मुलं जातात."

"अशी म्हणजे कशी?"

"राग मानू नका. तिच्या फॉर्मवर 'काही झाल्यास कोणाला कळवावं' तो रकाना कोरा आहे. आम्ही विचारायचं कोणाला?"

दुकानाला कुलूप लावलं. रिकाम्या हातानं जायला कसंतरी वाटलं, म्हणून तेलाची कुपी घेतली. दोन्ही बसमध्ये वाक्य घोकत होतो.

तिसरा मजला. दार वाजवलं, उत्तर नाही. दाराला कान लावला. आत श्वास होता, ओल्या पट्ट्यासारखा घसटत चाललेला. तो आवाज मशीनमधून आला असता तर मी लगेच सांगितलं असतं की आता बंद करा, नाहीतर मोडेल.

"कोण?"

"मी. मशीनला तेल घालायला आलोय."

मग कडी निघाली. मला दार बंद होतानाच्या कडीचा आवाज माहीत होता. उघडतानाचा एवढा लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता.

अंग भट्टीसारखं. जमिनीवर गादी, खिडकीला मी पाठवलेलं कापड, कापडाखाली मशीन, पुसून लख्ख. उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या आणि माझा हरवलेला बारीक स्क्रू ड्रायव्हर. मी त्याच्याकडं पाहिलं. तिनं मी पाहिल्याचं पाहिलं.

खालच्या चौकातले डॉक्टर वर आले. छातीत कफ साठलाय म्हणाले, अजून दोन दिवस असेच गेले असते तर कठीण होतं. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण हिचे?"

करार मार्चमध्ये संपलाय. मी म्हणालो, "मिस्त्री."

"कसले मिस्त्री?"

"शिलाई मशीनचे."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या कुपीकडं पाहिलं, आणि औषधं कशी द्यायची ते मलाच समजावून सांगितलं.

पातळ भात केला. चार घास गेल्यावर मी विचारलं, "फोन का नाही केलास?"

"मशीन चांगलं चालत होतं."

"आणि कारखान्याच्या फॉर्मवर माझं नाव का नाही घातलंस?"

"तुम्हीच ताईंना म्हणाला होतात ना, ही परत यायची नाही म्हणून. सही पण केलीत." रागानं नाही. बसची वेळ सांगावी तसं.

"मी मशीनबद्दल बोलत होतो," असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. मला वाईट वाटू नये म्हणून हलवली.

२४ मे

रात्रभर तिच्या खोलीतच खुर्चीवर बसून होतो. सकाळपर्यंत ताप उतरला, श्वास मऊ झाला.

बायकोनं एकदा सांगितलेली गोष्ट आठवली. तेव्हा मी सुटे भाग मोजत होतो, अर्ध्या कानानं ऐकली होती. बॉबिन आठ वर्षांची असताना, आमच्याकडं यायच्या आधी, मोठ्या संस्थेत होती. एक दिवस तिची सख्खी मावशी आली. फाटकावर वही होती. शिपायानं विचारलं, भेटीचं कारण? मावशी म्हणाली, "कारण कसलं, सहज आले, पोरीला बघायला." तो म्हणाला, सहज चालत नाही, भेटीच्या दिवशी या. पोरगी वरच्या खिडकीतून बघत होती. मावशी पिशवी घेऊन वळली ती पुन्हा आली नाही. तिला घरी आणल्यावर बायकोनं महिनाभर रोज सांगितलं म्हणे, "ह्या घरात कारण लागत नाही." मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. की मलाही सांगितलं होतं, आणि मी भागच मोजत होतो?

बॉबिन उठली तेव्हा मी ब्लेड घेऊन तिच्या मशीनशी बसलो होतो.

"काय करताय?"

"रंग खरवडतोय."

"का? चांगलं तर चालतंय."

"चालू दे. पण कुलूप नको."

मोहोर निघायला अर्धा तास लागला. इतकी पक्की मारायची मला काय गरज होती! निघताना खिशातली माझ्या घराची किल्ली तिच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. चिठ्ठी सोडून टाकलेली. स्क्रू ड्रायव्हर उशाशीच राहू दिला. तिला विचारून कारखान्याच्या बाईंना फोन केला आणि त्या रकान्यात माझं नाव घालायला सांगितलं. त्यांनी विचारलं, "नातं काय लिहू?" मी बॉबिनकडं पाहिलं. ती छताकडं बघत म्हणाली, "काका. दुसरं काय."

तेल घालायचं राहूनच गेलं.

७ जून

दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि एक आवाज कमी आला. मग दारावर टकटक. दार उघडलं तर एका हातात घराची किल्ली आणि काखेत मशीन.

"किल्ली आहे की हातात. वाजवलंस कशाला?"

"सवय."

"मशीनला काय झालं?"

"काही नाही." उंबऱ्यातच थांबली. हसत नव्हती. फाटकावर उभं राहून वहीकडं बघावं तशी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काही नाही, मग हे धूड आणलंस कशाला?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मला बोलायला बरंच काही सुचत होतं, आणि एरवी मी बोललोही असतो. "ठेव तिथं," एवढंच म्हणालो. तिनं ते बायकोच्या चादरीवाल्या मशीनशेजारी ठेवलं. जेवलो. मास्तरच्या पाठदुखीची नक्कल करून दाखवली, तेव्हा हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. कारखान्यात एक नवी मुलगी आलीय, ती दुपारी एकटीच डबा खाते म्हणाली. "काल तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं विचारलं, काय काम आहे? मला काही सांगताच आलं नाही."

मशीन मी उघडलं नाही. तीही न्यायला विसरली, म्हणजे जिन्याच्या टोकाला जाऊन मागं वळून बघून विसरली. "पुढच्या आठवड्यात नेईन. येते काका."

चौथी पायरी गाळून गेली.

दुकानात येऊन वही काढली, कारण आलेलं काम नोंदवायला लागतं. तक्रारीपुढं काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. शेवटी "सहज" लिहिलं. "परत आलेली कामं" ह्या रकान्यात आता तीन नोंदी आहेत. तिन्ही एकाच मशीनच्या.